एकच कर्नल ठेवणाऱ्या शकीलला

शकील, दुकानात कुणी येऊन लांबण लावली की तू हात वर करायचास. "एरर काय आला तेवढं सांगा, बाकीचं चहा पिताना ऐकतो." तेव्हा तुझ्याच पद्धतीनं आधी एरर सांगतो. तुझ्या घरातलं, नसीम भाभींचं भरतकामाचं मशीन बंद पडलं. तू गेल्याला फार दिवस झाले नव्हते. परभणीहून भाभींचा धाकटा भाऊ हमीद आला, त्यानं मशीन बघितलं आणि ठरवून टाकलं की इद्दतीचे दिवस संपले की मशीन विकायचं आणि आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, परभणीला घेऊन जायचं. भाभींना जायचं नव्हतं. मशीन चालू झालं तर त्या तुझ्या घरी, हट्टा गावातच राहणार, नाही झालं तर जाणार, असं सरळ होतं. आणि ते चालू करायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं, कारण तू नव्हतास. आता बाकीचं ऐक.

आपली जोडी लोकांना कळायची नाही. मी वसमतला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तू हट्ट्याच्या स्टँडजवळ एका शटरच्या दुकानात कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, मोबाईल, जे समोर येईल ते दुरुस्त करायचास. मी पुस्तकांतून शिकलो, तू मासिकांबरोबर फुकट मिळणाऱ्या सीड्यांमधून. खाज मात्र दोघांना एकच होती. तयार सिस्टीम टाकून गप्प बसायचं सोडून आपण लिनक्सचा कर्नल स्वतः बांधत बसायचो. गिऱ्हाईक विचारायचं, कर्नल म्हणजे काय हो? मी व्याख्येला हात घातला की तू मला थांबवायचास. "मुकादम. सगळ्या हार्डवेअरचा मुकादम. ज्या मजुराची बोली मुकादमाला येत न्हाई, तो मजूर दिवसभर झाडाखाली बसून राहातो." ऊसतोडीची टोळी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळायचं. ती बोली म्हणजे ड्रायव्हर, एवढंच मला पुढं जोडावं लागायचं. तुझं हे वाक्य मी वर्गात तुझं नाव घेऊनच सांगतो. पोरांना वाटतं, शकील नावाचा कुणी मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला.

आपलं सगळ्यात मोठं भांडण कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरचं, आणि ते अजून मिटलेलं नाही. ढाब्याच्या मालकानं कुणाकडून तरी जुना लॅपटॉप घेतला होता. त्याचं वायफाय चालत नव्हतं. त्यानं तुला फोन केला, तू मला वसमतहून उचललंस आणि हिंगोली ओलांडून आपण वाशीम रोडला लागलो. पोचल्या पोचल्या तू वायफाय कार्डाचा नंबर काढलास, कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, "याचा ड्रायव्हर आपल्या कर्नलात न्हाई. बांधावा लागंल." मग कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप कामाला लावला. शेवभाजी आली, भाकरी आली, ट्रकवाले येऊन जेवून गेले. मालक मधून मधून गल्ल्यावरून विचारायचा, "शिजलं का भाऊ?" तू म्हणायचास, "अजून कच्चं हाय." शेवटी कर्नल बांधून झाला, लॅपटॉप नव्यानं सुरू केला, वायफाय ढिम्म. तू वेगळा ड्रायव्हर घेऊन पुन्हा बांधलास. पुन्हा ढिम्म. वैतागून तू म्हणालास, निदान मशीन पुसून तरी देऊ, आणि खिशातल्या रुमालानं लॅपटॉपची पुढची कड पुसलीस. वायफायचा दिवा लागला.

त्या कडेला एक बारीक सरकतं बटन होतं, वायफाय बंद-चालू करायचं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू मात्र बटनाकडे बघायलाच तयार नव्हतास. "ड्रायव्हर बसायला टाइम लागतो, दत्त्या. बसला." हिंगोली येईपर्यंत मी मागं बसून बटन बटन करत होतो, आणि औंढ्याच्या अलीकडे तू गाडी थांबवून मला तिथंच उतरवायची धमकी दिलीस. ढाब्याच्या मालकाला तुझंच पटलं होतं. शिजायला वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? शकील, बटनच होतं. तू उलट बोलू शकत नाहीस म्हणून आता सांगतोय असं समजू नकोस, तुझ्या तोंडावर मी हे कितीदा म्हटलंय. फक्त आता समोरून "बसला" असं येत नाही, आणि बरोबर असण्यात पूर्वीसारखी मजा राहिलेली नाही.

दुसरं भांडण जागेचं. माझं म्हणणं, वेगवान लॅपटॉपवर कर्नल बांधावा, पेनड्राइव्हमध्ये घालून न्यावा, जुन्या मशीनवर टाकावा आणि मोकळं व्हावं. तुझं म्हणणं, ज्या मशीनवर चालवायचाय त्याच मशीनवर बांधायचा, मग ते कितीही रडतराऊत असो. "माप न घेता सदरा शिवतं का कुणी?" घरी भरतकाम चालायचं म्हणून तुझी उदाहरणं सगळी कापडाचीच असायची. बांधणी अर्ध्यात आली की लाइट जायची. लाइट आली की तू पुन्हा तोच हुकूम द्यायचास आणि काम जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू व्हायचं. झालेलं काम मशीन पुन्हा करत नाही, याचं तुला केवढं कौतुक. एकदा त्या कौतुकानं घात केला. लाइट गेली तेव्हा जी फाइल लिहिणं चालू होतं ती रिकामीच राहिली, आणि मशीनला वाटलं की ती झाली. सगळं जोडायच्या वेळी भलताच एरर. तू सकाळपासून रॅम काढून घालत बसलास, मी ती रिकामी फाइल शोधून पुसली. त्यावर तू म्हणालास, "मी रॅम साफ केली म्हणून तुला फाइल दिसली." तुझ्याशी जिंकायची सोयच नव्हती.

भाभींचं भरतकामाचं मशीन आणलंस ते असंच जुनं, बोजड, पण सुई एकदम सरळ. ब्लाउजच्या बाह्या, शाळांचे बिल्ले, लग्नातल्या शालूवरची नक्षी, सगळं त्यावर व्हायचं. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या एका जुन्या कार्डातून मशीनला पाठवायची. ते कार्ड बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले होते. यूएसबीची वायर लावून पाहिली, तर टाके चुकायचे. त्या कार्डाचा ड्रायव्हर कुणा परदेशी माणसानं लिहून सोडून दिला होता, तो तू दत्तक घेतलास. नवा कर्नल आला की ड्रायव्हर मोडायचा. तू बसून त्याला पुन्हा चालता करायचास आणि वर मला फोन करून त्या अनोळखी माणसाच्या नावानं बोटं मोडायचास.

आणि तुमच्या घरातली ती प्रश्नोत्तरं. बांधण्याआधी कर्नलला सांगावं लागतं की कुठलं हार्डवेअर हवं आणि कुठलं नको. बाकीची माणसं यादी उघडून हवं ते निवडतात. तू मात्र एकेक प्रश्न विचारणारी जुनी पद्धत धरून बसलास, कारण तिच्यात भाभींना घेता यायचं. तू स्क्रीनवरचा प्रश्न मराठीत करून मोठ्यानं विचारायचास आणि भाभी कापड ताणता ताणता उत्तर द्यायच्या. "टीव्हीचं कार्ड?" "न्हाई." "हौशी लोकांचा रेडिओ?" "न्हाई." "खेळायची काठी?" "कुणी खेळायचं हितं? न्हाई." भाभींचा नियम सोपा होता. जी वस्तू घरात नाही तिला न्हाई म्हणायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसून हसून माझ्या बशीतला चहा सांडला.

चहावरून आठवलं. तूही एकदा सांडलास, थेट कीबोर्डवर. भाभींना कळायच्या आत तो गोल पिनेचा कीबोर्ड लपवून दुकानातला यूएसबीचा आणून लावलास. त्याच दिवशी तुला नवा कर्नल बांधायची हौस आली. प्रश्न आला, यूएसबीचा कीबोर्ड? भाभी म्हणाल्या, "न्हाई, आपला गोल पिनेचा हाय." आता व्हय म्हणावं तर चहाची भानगड बाहेर येते. तू गुमान न्हाई दाबलंस. कर्नल बांधून झाला, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि कीबोर्ड मेलेला. मग मला फोन. "दत्त्या, एक गोल पिनेचा कीबोर्ड घेऊन ये, अन् घरात शिरताना शर्टात लपव." मी भर दुपारी शर्टात कीबोर्ड खुपसून तुझ्या दारात उभा, आणि भाभी म्हणाल्या, "त्यांनी चहा सांडला ना?" त्यांना सकाळपासून माहीत होतं. शकील, इतकी वर्षं वर्गात शिकवतोय, पण बायकोला घाबरून चुकीचा कर्नल बांधणारा दुसरा माणूस मला अजून भेटला नाही.

तिसरं भांडण खरं गंभीर होतं. मी म्हणायचो, नवा कर्नल टाकलास तरी जुना एक ठेवत जा, नवा बिघडला तर परत जायला वाट राहते. तू ऐकायचा नाहीस. एक तर तुझी डिस्क लहान. पण ते निमित्त, खरं कारण वेगळं होतं. "जुना ठेवला की माणूस नव्याला बराबर करत न्हाई. सरळ जुन्याकडं जाऊन बसतो." म्हणून तू व्यवस्थाच अशी केलीस की नवा आला की जुना आपोआप पुसला जावा, त्याच्यासोबत त्याच्या प्रश्नोत्तरांतल्या निवडींची फाइलही जावी. तू होतास तोवर ते चाललं. बिघडलं की दुरुस्त करायला तू होतास. पण भाभींकडे परतीची वाट नव्हती, आणि हे तुला कधी सुचलं नाही. मलाही नाही. आपल्या दोघांच्या हिशेबात तू कायमचाच होतास.

तू गेल्याची खबर आली तेव्हा मी वर्गात होतो, आणि फळ्यावर तुझा मुकादम काढलेला होता. तो पुसायला नको वाटलं. तसाच ठेवून मी हट्ट्याला आलो. त्या दिवसाचं एवढंच.

पुढं काय झालं ते भाभींनीच मला सांगितलं, मधल्या दाराच्या पडद्याआडून. इद्दतीचे दिवस, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचं आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी तुझ्या खुर्चीत, हमीद माझ्या शेजारी पलंगावर आणि भाभी पडद्यापलीकडे. इतकी वर्षं तुमच्या घरी जेवलो, पण त्या खुर्चीत त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

"काय केलं व्हतं भाभी, शेवटी?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरचं मशीन विचारत व्हतं, नवीन आलंय, घेऊ का म्हणून. ते असते तर त्यांनी मला विचारलं असतं. एकटीच व्हते. म्हटलं, लई दिवसांपासून विचारून राहिलंय बिचारं. व्हय म्हटलं."

म्हणजे बाहेरचा तयार कर्नल आला, आणि तुझ्या व्यवस्थेनं तुझा पुसून टाकला. हमीद कपाळाला आठ्या घालून बसला होता. वाईट माणूस नाही तो. बहिणीला एकटीला सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "भाई, तुम्ही खरं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला, "आता तर चालू कराल. परत बंद पडलं तर? आपानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तिकडं घर हाय, मी हाय, माझी लेकरं हायत." पडद्याआडून लगेच आवाज आला, "हमीद, मला ऐकू येऊन राहिलं."

पहिल्यांदा मी माझ्या पद्धतीनं गेलो. ड्रायव्हरला आधी नव्या कर्नलाच्या मापाचं करावं लागलं. एक काम पूर्वी सांगताना दोन गोष्टी द्याव्या लागायच्या, नव्या कर्नलाला एकच चालते. ड्रायव्हर जुन्या सवयीनं दोन देत होता. तेवढं दुरुस्त केलं, वसमतला लॅपटॉपवर ड्रायव्हर बांधला, पेनड्राइव्हमध्ये घातला आणि ऐटीत घेऊन आलो. तुझ्या मशीननं तो दारातूनच परत पाठवला. म्हणे, हे आमच्याकडचं नाही. लॅपटॉपचा कर्नल वेगळा, तुझ्या मशीनचा वेगळा. हसू नकोस. मी तुझ्या मशीनच्या कर्नलाचं सामान नीट उतरवून घेतलं असतं, तर लॅपटॉपवरही झालं असतं. पण त्या दिवशी मी निमूट तुझ्या मशीनवर ड्रायव्हर बांधायला बसलो, आणि मागून हसल्याचा आवाज येतो का, म्हणून एकदा वळूनही पाहिलं.

ड्रायव्हर बसला, पण कार्ड त्याच्या हाती लागेना. मग उलगडा झाला. तयार कर्नलात एक सर्वसाधारण ड्रायव्हर आधीच पक्का बसवलेला असतो. तो तुझ्या कार्डाला ओळखीचं समजून मशीन सुरू होतानाच ताब्यात घेतो, आणि त्याला बाहेर काढता येत नाही. तू हाताने बांधलेल्या कर्नलात त्याला जागाच ठेवली नव्हतीस. म्हणून तू प्रत्येक वेळी अख्खा कर्नल बांधायचास. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तुला फक्त हौस आहे.

म्हणजे अख्खा कर्नल बांधायचा होता, तुझ्याच घरी, तुझ्याच रडतराऊत मशीनवर, आणि तुझ्या निवडींची फाइल जुन्या कर्नलाबरोबर गेलेली. मी यादी उघडली आणि एकेक गोष्ट गपचूप निवडायला लागलो. थोडा वेळ गेला. मग पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "दत्ताभाई, ते विचारत व्हते तसं विचारा की."

हमीदनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी यादी बंद केली, तुझी ती जुनी पद्धत लावली आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. आवाज नीट लागायला दोन-तीन प्रश्न गेले. मग आम्ही सुरूच झालो.

"टीव्हीचं कार्ड?"

"न्हाई."

"खेळायची काठी?"

"न्हाई. दर वेळेला काहून विचारतं हे?"

"यूएसबीचा कीबोर्ड?"

"व्हय. हे व्हयच म्हणा." पडद्यामागं त्या हसल्या, मीही हसलो, आणि हमीदला काही कळेना म्हणून त्याला चहाची सगळी गोष्ट सांगावी लागली. मेहुण्याची ही बाजू त्याला माहीत नव्हती. तोही मग सरसावून बसला आणि अधूनमधून स्वतःच उत्तरं द्यायला लागला. एकदा तर वरच्या आवाजात व्हय म्हणाला, तेव्हा भाभींनी त्याला गप्प केलं, "घर कुणाचं हाय?" तुझ्या कार्डाला धरून ठेवणाऱ्या त्या आगाऊ ड्रायव्हरचा प्रश्न आला तेव्हा मी आधीच सांगितलं की याला न्हाई म्हणायचंय. भाभींनी तसं तीन वेळा म्हटलं.

मग प्रश्न आला ब्लूटूथचा. पडद्याआडून उत्तर येईना. मी पुन्हा वाचला. ब्लूटूथ त्या घरात फक्त तुझ्या कानातल्या हेडफोनला लागायचं. कव्वाली ऐकत तू काम करायचास, आणि कुणी हाक मारली की दुसऱ्या हाकेला कानातून काढायचास. तो हेडफोन आता कपाटात आहे. मी न्हाई दाबायला बोट नेलं.

"व्हय म्हणा," भाभी म्हणाल्या. "राहू द्या."

मी व्हय दाबलं. शकील, मला तुझी फार आठवण येते. हे सांगायला कुठला चांगला शब्द शोधत बसत नाही. आपण इतकी वर्षं भांडलो आणि एकदाही एकमेकांना म्हटलं नाही की तू होतास म्हणून हे सगळं मजेचं झालं. वसमतहून हट्ट्याला येताना मला कामाला चाललोय असं कधी वाटलं नाही. नवीन काही शिकलो की आधी तुला सांगून तुझ्याकडून खोडून घ्यायचो, मगच ते मला पक्कं व्हायचं. आता वर्गात काही सांगताना मधेच थांबतो. कुणी खोडत नाही.

बांधणी सुरू झाली. ऊन चढलं, हमीदनं चहा केला, तो तुझ्यापेक्षा बरा करतो. भर दुपारी लाइट गेली. त्या रिकाम्या फाइलीच्या भानगडीनंतर तूच इन्व्हर्टर जोडला होतास, म्हणून काम थांबलं नाही, पण पंखा बंद. हमीद पुठ्ठ्यानं कधी मला, कधी कॉम्प्युटरला वारा घालत होता. मधूनच विचारायचा, "हे जे वाहून राहिलं ते काय हाय?" मी सांगायचो, आता डिस्कचं चाललंय, आता आवाजाचं. तिसऱ्या प्रहरी त्यानं विचारणं सोडलं आणि नुसता बघत बसला, तुझ्यासारखाच, स्क्रीनकडे तोंड उघडं ठेवून. कर्नल झाला. आणि ऐक, या वेळी मी जुना पुसला नाही. डिस्कमधले तुझे दोन पिक्चर काढून जागा केली. भांडायचं तर भांड.

कॉम्प्युटर नव्या कर्नलावर उठला. कीबोर्ड चालला. ड्रायव्हरनं कार्ड धरलं. पण सुई चालते का ते मला बघता येत नव्हतं. मशीन त्याच समोरच्या खोलीत, चालवायचं भाभींनी, आणि त्या बाहेर आल्या तर मला तिथं थांबता येत नाही. मी आणि हमीद उठून अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसलो. हमीदनं दार ओढून घेतलं. इतकी वर्षं एररच्या तोंडाकडे बघून काम केलेला माणूस मी, आणि त्या दिवशी निकाल नुसता कानानं ऐकायचा होता.

आत खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. मग मशीन सुरू झालं, टक टक टक, सरळ, एका लयीत. हमीदनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि आवाज थांबला.

माझ्या डोक्यात सगळे संशय एकदम आले. कार्ड निसटलं असेल, नक्षी अर्ध्यात अडकली असेल, ड्रायव्हरमध्ये अजून काही जुनं राहिलं असेल. हमीद माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. त्यानं सुस्कारा सोडला, खिशातून मोबाईल काढला. मशीन विकत घ्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक परभणीचंच होतं, त्याच्या ओळखीचं.

"काय झालं, भाभी?" मी दाराकडे तोंड करून विचारलं.

"कायी न्हाई. धागा तुटला."

धागा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग मशीन पुन्हा लागलं आणि लागलं ते थांबेचना. शेजारच्या अंगणातल्या बाईनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "चालू झालं का नसीमचं?" मी मान डोलावली. हमीद मोबाईल हातात धरून कितीतरी वेळ नुसता ऐकत बसला. मग त्यानं नंबर लावला. "सलाम भाई. ते मशीनचं बोललो व्हतो ना, ते राहू द्या. चालू हाय ते. न्हाई, विकायचं न्हाई." फोन ठेवून त्यानं दाराकडे तोंड केलं आणि जरा चाचरत म्हणाला, "आपा, मंग... इद्दतीनंतरचं काय ठरवायचं?"

मशीन चालूच होतं. त्या आवाजातही ऐकू जावं म्हणून भाभी जरा जोरातच बोलल्या.

"तू पाचच्या गाडीनं जा, हमीद. लग्नसराई तोंडावर हाय, मला लई काम हाय. तुझ्या पोरींचे ईदचे कपडे तेवढे हिकडं पाठवून दे, बाह्यांवर नक्षी काढून ठेवते."